शेतकऱ्याचें घरगुती हत्यारघर

नांगर, बीं आणि खत यांची तजवीज हंगामापूर्वीं करावी, हें कोणाही शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. परंतु नांगराची खीळ निखळली, फावड्याचा दांडा मोडला, फवाऱ्याचा पट्टा तुटला किंवा पंपाची चाकी ढिली झाली, तर ती दुरुस्ती करण्याचें साधन घरांत आहे कीं नाहीं, हा विचार बहुधा मोडतोड झाल्यावरच सुचतो. मग हत्यार शेजाऱ्याकडे मागावयाचें. शेजाऱ्यानें तें तिसऱ्यास दिलेलें असतें. आणि तें मिळालेंच तर त्याची धार गेलेली असते. ही अडचण टाळण्यासाठीं प्रत्येक खातेदाराच्या घरीं एक लहानसें हत्यारघर कसें उभें करावें, त्यासाठीं कोणतीं हत्यारें कोणत्या क्रमानें घ्यावीं आणि घेतांना त्यांची परीक्षा कशी करावी, याविषयीं आमचा अनुभव या लेखांत देत आहों.

प्रथम आमच्याच चुकीची हकीकत सांगतों. अंजूर व त्याच्या आसपासच्या गांवांतील पुष्कळ भातशेतें उल्हासच्या खाडीलगत आहेत. त्यांचें रक्षण बांध करितो, आणि बांधांतील उघाडी ओहोटीस आंतलें पावसाचें पाणी बाहेर सोडते व भरतीचें खारें पाणी आंत येऊं देत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांतील अमावास्येच्या उधाणाच्या तोंडावर आमच्या शेताजवळील उघाडीच्या झडपेचा बोल्ट गंजून तुटला. नवा बोल्ट घरांत होता. जुन्या भोंकाभोंवतीं लांकूड कुजलें होतें, म्हणून शेजारीं अर्ध्या इंचाचें नवें भोंक पाडावयाचें, एवढेंच काय तें काम. त्यास गिरमिट लागतें आणि तें आमच्या घरीं नव्हतें. विजेचें ड्रिल होतें, पण बांधावर वीज कोठून असणार? भिवंडीस माणूस धाडला. सुतार दुसऱ्या दिवशीं दुपारीं आला. तोंवर दोन भरत्या शेतांत येऊन गेल्या. रोपें करपलीं, अर्ध्या एकराची लावणी पुन्हां करावी लागली, आणि त्या तुकड्यांतील खारटपणा जाण्यास पुढला पावसाळा उजाडावा लागला. दुसऱ्या लावणीच्या एका दिवसाच्या मजुरींत दोन गिरमिटें आलीं असतीं. त्या दिवसापासून आम्ही हत्यारें जमवूं लागलों.

१. घरीं हत्यारें कां असावींत

पूर्वीं ही गरज एवढी भासत नसे. गांवांत सुतार व लोहार असत, आणि सुगीच्या वेळीं भाताचा ठराविक वांटा घेऊन ते वर्षभर औतें दुरुस्त करीत. ती बलुत्याची पद्धत आतां जवळजवळ मोडली आहे. कारागिरांच्या मुलांनीं यंत्रमाग, कारखाने व महामार्गालगतचीं गोदामें यांत नोकऱ्या धरल्या, याबद्दल त्यांस दोष देतां येत नाहीं. कारण बलुत्यांत त्यांच्या श्रमांचें पुरतें मोल कधींच होत नव्हतें. परंतु त्याचा परिणाम असा कीं, ज्या कामास पूर्वीं घटकाभर लागे त्यास आतां दोन दिवस लागतात.

दुसरें कारण औतांच्या घडणींतच आहे. लांकडी नांगर पाचर ठोकून घट्ट होई; त्यास वाकस व लांकडी मोगरी पुरत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें गिऱ्हाइकें मिळण्यास त्यांस फार वाट पाहावी लागली. पुढें १९१० मध्यें कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर खेडोपाडीं पोंचला. त्या नांगराबरोबर शेतकऱ्याच्या घरांत नट व बोल्ट आले. नट-बोल्ट आले म्हणजे पाना आलाच पाहिजे. आज पॉवर टिलर, गवत कापण्याचें यंत्र, पंप, फवारा हीं सर्व नट-बोल्टांवर उभीं आहेत. पण कित्येक घरांत अजूनही नट पकडीनें पिळून त्याचे कोपरे झिजविण्याची चाल आहे. पकडीनें नट फिरविणें म्हणजे पुढल्या दुरुस्तीचें काम दुप्पट करून ठेवणें होय.

२. खरेदीची यादी कशी करावी

बाजारांत पन्नास-साठ हत्यारांच्या तयार पेट्या मिळतात. त्या दिसण्यांत सुरेख असतात, आणि पहिल्या खरेदींत पुष्कळांचा पैसा त्यांतच जातो. अशा पेटींतील दहा हत्यारें नित्य लागतात, बाकीचीं वर्षानुवर्षें पेटींतच राहतात. आणि जीं दहा लागतात तीं बहुधा हलक्या पोलादाचीं निघतात. म्हणून पेटी घेऊं नये; एकेक हत्यार पारखून घ्यावें.

कोणतें हत्यार घ्यावें, हें दुकानदारास विचारण्यापेक्षां स्वतःच्या वहीस विचारावें. एका वहींत वर्षभर तीन रकाने लिहावे: काय मोडलें, तें कोणाकडून दुरुस्त केलें, आणि त्यापायीं किती दिवस काम अडलें. वर्षाच्या शेवटीं ज्या कामापायीं सर्वांत अधिक दिवस गेले, त्या कामाचें हत्यार पहिलें घ्यावें. भातशेती, भाजीपाला, दुभतीं जनावरें आणि फळबाग यांच्या मोडतोडीचे प्रकार निरनिराळे असतात; एकाची यादी दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं. खरेदी फाल्गुन-चैत्रांत करावी. मृगाच्या तोंडावर घाईनें घेतलेलें हत्यार पारखलें जात नाहीं.

३. हत्यारांचा क्रम

ज्यांची वही अद्याप झाली नाहीं, त्यांच्यासाठीं आमचा क्रम देतों.

पहिल्या वर्षीं: अर्ध्या किलोची हातोडी, एक पक्कड, लहान-मोठे दोन पेचकस, दुतोंडी पान्यांचे चार नग, लोखंड कापण्याची करवत, लांकडाची करवत, दहा इंची सपाट कानस, एक तिकोनी कानस, आणि कार्बोरंडमचा दुतोंडी दगड, ज्याची एक बाजू खरबरीत व दुसरी बारीक असते. एवढ्या सामानांत विळ्या-कोयत्यांची धार, नट-बोल्ट व बरीचशी किरकोळ दुरुस्ती भागते. मात्र दांतेरी विळ्याच्या दांतांवर दगड फिरवूं नये. त्यानें दांत बोथटतात.

दुसऱ्या वर्षीं सुतारीचीं: वाकस, पाव, अर्धा व एक इंच रुंदीच्या तीन पटाश्या, गुण्या, एक रंधा, आणि अर्धा व पाऊण इंची गिरमिट. खाडीकाठच्या शेतकऱ्यानें, आमच्यावरून धडा घेऊन, गिरमिट पहिल्या वर्षींच घ्यावें.

तिसऱ्या वर्षीं: घट्ट बाकावर बसविलेला शिकंजा, ज्यास कारागीर वाइस म्हणतात, लोखंडाची छिन्नी, सांडशी आणि ऐरण. शिकंजा हा घरचा तिसरा हात आहे. एका हातानें वस्तु धरून दुसऱ्यानें कानस चालविणाऱ्याची कानस कधींच सपाट चालत नाहीं, आणि बोटें मात्र सोलून निघतात.

पान्यांविषयीं एक सूचना. आपल्या देशांत मेट्रिक मापें १९५६ च्या कायद्यानें आलीं, तरी जुन्या औतांचे बोल्ट इंची मापाचे आहेत. १९ मिलिमीटरचा पाना पाऊण इंचाच्या डोक्यावर नीट बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना सैल राहतो व कोपरे खातो. आपल्या औतांचे बोल्ट मोजून मगच पाने घ्यावे.

४. घेतांना परीक्षा

हत्यार हातांत घेऊन पाहिल्याशिवाय घेऊं नये. आमच्या परीक्षा अशा:

करवत: पातें हलकेंच वांकवून सोडावें, तें तत्काळ सरळ झालें पाहिजे. डोळ्यासमोर धरून दांतांची ओळ सरळ आहे काय तें पाहावें. दांत एकाआड एक दोन्ही बाजूंस किंचित् फांकलेले असावेत, नाहींतर करवत ओल्या लांकडांत अडकते. दांतांचा झोंक कोणीकडे आहे हेंही पाहावें. पुष्कळ देशी करवती ओढतांना कापतात, विलायती घाटाच्या ढकलतांना कापतात. ज्या हातास जी संवय आहे ती घ्यावी.

पटाशी व वाकस: खिशांत एक लहान नवी कानस असावी आणि दुकानदाराची परवानगी घेऊन धारेच्या कडेवर ती हळूच फिरवावी. कानस सहज रुतली तर पोलाद मऊ आहे. कानस अगदींच घसरली तर तें फार कडक आहे, गांठीवर बसतांच धार तुटेल. किंचित् धरून घसरली तर हत्यार चांगलें समजावें.

पक्कड: मिटून उजेडासमोर धरावी. कापण्याच्या तोंडांतून उजेड दिसतां कामा नये.

हातोडी: दांड्याचें भोंक बरोबर मध्यावर आहे काय, आणि तोंडावर चिरा नाहींत ना, तें पाहावें.

गिरमिट: टोंकाचा बारीक आटा शाबूत असावा. तोच लांकडांत शिरून गिरमिटास ओढून घेतो. तो मोडला तर उरलेलें पातें निरुपयोगी होय.

कानस: दांत सर्वत्र एकसारखे काळसर दिसले पाहिजेत. जेथें ते चकाकतात तेथें ते झिजलेले आहेत. कानशीस घरीं पुन्हां धार लावतां येत नाहीं, म्हणून जुनी कानस कापण्यासाठीं म्हणून कधींही घेऊं नये.

५. जुनीं हत्यारें

नव्या हत्यारांसाठीं भिवंडी, कल्याण व ठाण्याचे बाजार आहेत, आणि अधिक निवड हवी असल्यास मुंबईंत नागदेवी रस्ता आहे. परंतु आमच्या संग्रहांतील उत्तम हत्यारें जुनीं आहेत. मुंबईच्या चोरबाजारांत व दारूखान्याच्या भंगारांत तशीं अद्याप मिळतात. आणि भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवीं भंगारवाल्याच्या ढिगांत चांगले पाने क्वचित् हातीं लागतात.

एकदां अशाच एका ढिगांत आम्हांस एक वाकस, चार पटाश्या व एक शिसवी रंधा सळयांच्या तुकड्यांबरोबर तराजूंत पडलेला दिसला. एका सुताराच्या मरणानंतर घर आवरतांना तें सामान काढलें होतें, एवढेंच भंगारवाल्यास ठाऊक होतें. आम्हीं तें लोखंडाच्या भावानें घेतलें. रंध्याचें पातें पुसल्यावर त्याच्या कडेला एक बारीक रेघ दिसूं लागली. ओळखीच्या एका वृद्ध सुतारास तें दाखविलें, तेव्हां ते म्हणाले, "खालीं पोलाद आहे, वर मऊ लोखंड. दोन्ही भट्टींत एकजीव केलेलीं. ही रेघ दिसली कीं पातें सोडूं नये." मग त्यांनीं वाकसाचा दांडा हातांत घेतला. त्यावर एका बाजूस अंगठ्याची खोलगट जागा झिजून पडली होती. बराच वेळ ते तेथेंच बोट फिरवीत राहिले आणि म्हणाले, "हा माणूस डावखुरा होता."

त्या घरच्यांनीं तें सामान जाणून टाकलें असें आम्ही म्हणत नाहीं. वापरणारा हात गेला कीं घरच्यांच्या डोळ्यांस तें लोखंडच दिसतें. म्हणून आमची विनंती आहे कीं, आपल्या माळ्यावर आजोबांच्या वेळचीं हत्यारें असतील तर तीं किलोवर देण्यापूर्वीं एकदां पुसून पाहावीं, आणि गांवांत एखादा जुना सुतार किंवा लोहार असेल तर त्यास बोलावून दाखवावीं. तो माणूस आज आहे. दहा वर्षांनीं असेलच असें नाहीं.

जुनें घेतांना सावधगिरीही हवी. ज्याच्या धारेवर निळा डाग आहे तें हत्यार सहाणचक्रावर तापून त्याचें पाणी उतरलेलें असतें. ऐरणीऐवजीं रुळाचा तुकडा उत्तम चालतो. परंतु तो पावतीशिवाय घेऊं नये, कारण रेल्वेचा माल बेकायदा बाळगणें हा १९६६ च्या कायद्यानें गुन्हा आहे. ज्या मालाची विचारपूस करतां विकणारा चुळबुळ करूं लागतो, तो कितीही स्वस्त असला तरी सोडावा.

६. पाणी देण्याविषयीं

कोयता किंवा छिन्नी मऊ निघाली तर तिला पुन्हां पाणी देतां येतें. मात्र लोखंड कोणतें आहे हें आधीं पाहावें. साध्या सळईस कितीही पाणी दिलें तरी ती कडक होत नाहीं. मोटारीच्या पाट्याचें पोलाद कडक होतें, म्हणूनच लोहार त्याचे कोयते घडवितात. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा भट्टींत कधींही घालूं नये. त्याचा धूर विषारी असतो.

पद्धत अशी. धारेचा भाग लाल होईपर्यंत तापवावा. लोहचुंबक चिकटेनासा झाला कीं आणखी किंचित् तापवून पाट्याचें पोलाद तेलांत बुडवावें. आतां तें कांचेसारखें ठिसूळ असतें, तसेंच वापरूं नये. धारेची बाजू घांसून चकचकीत करावी आणि मागील जाड बाजूकडून मंद आंच द्यावी. धारेवर रंग चढत जातात. पेंढ्यासारखा पिवळा रंग सुमारें २३० अंश सेल्सियसला येतो. लांकडाच्या पटाशीस तेथें थांबावें. जांभळा सुमारें २८० अंशांस येतो. लोखंडाच्या छिन्नीस तो योग्य. कोयता व कुऱ्हाड यांस जांभळ्याच्या पुढें निळसर येऊं द्यावा, म्हणजे गांठीवर धार तुटत नाहीं. हें काम सांवलींत करावें. उन्हांत रंग ओळखत नाहीं.

७. दांडे व निगा

दांड्यास बाभूळ व धामण हीं लांकडें उत्तम. धामणीचें लांकूड चिवट असून धक्का सोसतें. दांड्याच्या रेषा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्या. गांठ असलेला दांडा नाकारावा. दांडा वैशाखांत, लांकूड पुरतें सुकलें असतां बसवावा. ढिला झालेला दांडा पाण्यांत भिजत घालण्याची चाल वाईट आहे. तो फुगून घट्ट वाटतो, पण सुकल्यावर पूर्वींपेक्षां अधिक ढिला होतो. पाचर बदलणें हाच उपाय.

आमच्या खाऱ्या हवेंत गंज हा मोठा शत्रु आहे. गंजलेलें हत्यार चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यांत रात्रभर ठेवावें, सकाळीं घांसून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावें, उन्हांत वाळवावें व लगेच यंत्राचें तेल लावावें. आंबट पाण्यांत दिवसेंदिवस ठेवूं नये. तें पोलादही खातें. खाण्याचें तेल पात्यास लावूं नये, तें चिकट होतें. दांड्यास मात्र जवसाचें तेल चांगलें. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्या.

हत्यारें पेटींत एकमेकांवर टाकूं नयेत. पडवीच्या भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक हत्याराची आकृति खडूनें काढावी व तें तेथेंच टांगावें. रिकामी आकृति दिसली कीं कोणतें हत्यार बाहेर आहे तें कळतें. शेजाऱ्यास हत्यार अवश्य द्यावें. परंतु वहींत नांव लिहून द्यावें, आणि कानस व पटाशी मात्र स्वतः बरोबर जाऊन वापरावी.

८. समारोप

अंजूरचें नांव वसईच्या मोहिमेशीं जोडलेलें आहे. गंगाजी नाईक अंजूरकरांच्या खटपटीचा उल्लेख त्या इतिहासांत अभिमानानें केला जातो. १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा बुरूज शेवटीं सुरुंगांनीं ढासळला, आणि ते सुरुंग खणणाऱ्यांच्या हातीं कुदळ व पहारच होती. हत्यार लहान आहे म्हणून त्याचें काम लहान ठरत नाहीं.

घरगुती हत्यारघर सुताराची किंवा लोहाराची जागा घेण्यासाठीं नव्हे. नवी चौकट, नवें औत त्यांच्याकडूनच करवून घ्यावें व त्यांस पुरता मोबदला द्यावा. घरीं करावयाची ती दुरुस्ती. त्यांना काम मिळालें तरच त्यांची विद्या गांवांत राहील. आणि ज्या दिवशीं ते आपल्या अंगणांत काम करतील, त्या दिवशीं घरांतील मुलामुलींस त्यांच्याजवळ बसवावें. कानस पुढें जातांना दाबावी व मागें येतांना उचलावी, ही गोष्ट वाचून कळते, पण हातास पाहूनच येते.

येत्या फाल्गुनांत वाचकांनीं एवढेंच करावें: एक वही घालावी आणि माळा उतरून पाहावा. वहींत काय घ्यावयाचें तें कळेल, आणि माळ्यावर काय आधींच आहे तें.